पंप लावायचा की नाही, हा दुसरा प्रश्न आहे

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. आमची थोडी द्राक्षबाग आहे. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांना रात्री धाप लागली, छाती भरून आली, म्हणून शहरातील रुग्णालयात नेले. छोटा अटॅक येऊन गेल्याचे सांगितले. टूडी इकोत हृदयाचे पंपिंग २८ टक्के आले. अँजिओग्राफीत उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद आणि लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीत, ८० टक्के ब्लॉकेज, तेही कॅल्शियमचे, असे निघाले. त्यांना २० वर्षांपासून मधुमेह आहे, मूत्रपिंडे अशक्त आहेत (क्रिएटिनिन १.९) आणि पूर्वी बिडी ओढल्यामुळे फुफ्फुसे अशक्त आहेत. सर्जननी बायपासला नकार दिला. आता कॅल्शियम घासून स्टेंट घालू, पण त्या वेळी हृदयाला आधार म्हणून इम्पेला नावाचा तात्पुरता पंप लावावा लागेल, असे हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात. एकट्या पंपाचाच खर्च कित्येक लाखांचा आहे. न्यू जर्सीतला धाकटा भाऊ म्हणतो, अमेरिकेत तो सर्रास लावतात, पंपाशिवाय हात लावू देऊ नका. थोरला भाऊ बागेचा तुकडा विकायला निघाला आहे. वडील म्हणतात, मला काहीच करायचे नाही. अंघोळीला उठले तरी त्यांच्या छातीत दुखते. आम्ही काय करावे?

– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय ताई,

पत्रात वडिलांचे सगळे आकडे नीट लिहिलेत, त्यामुळे मोघम धीर देण्यापेक्षा थोडे नेमके बोलता येईल. मी अँजिओग्राफीची फिल्म पाहिलेली नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वजनदार माना. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचे, हे मी निश्चित सांगू शकतो.

तुमच्या घरात भांडण पंपावरून चालले आहे. पंप मात्र हृदयाचा उपचार नव्हे. तो ब्लॉकेज उघडत नाही, अशक्त स्नायूला बळकट करत नाही आणि काम संपले की बहुधा त्याच टेबलावर काढला जातो. विहिरीतला गाळ काढताना वर दोर धरून उभा राहिलेला माणूस गाळ काढत नसतो, पण खाली उतरलेल्याचा पाय घसरला तर तोच उपयोगी पडतो. पंपाचे काम तेवढेच आहे. म्हणून विहिरीत उतरायचे का, हे आधी ठरले पाहिजे.

वडिलांच्या बाबतीत मला वाटते, स्टेंटचा विचार करण्यासारखी परिस्थिती आहे. त्याची कारणे सांगतो, कारण याच मुद्द्यावर अलीकडे एक महत्त्वाचा अभ्यास झाला आहे. ब्रिटनमध्ये ज्यांचे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी होते आणि रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे होते, अशा ७०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला स्टेंट आणि औषधे दिली, दुसऱ्याला फक्त औषधे दिली. ‘रिव्हाइव्हड’ नावाच्या या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन भरती होण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात ३७ टक्के आणि औषधांच्या गटात ३८ टक्के राहिले, म्हणजे फरक पडला नाही. पंपिंग कमी आहे, तेव्हा स्टेंट घातला की ते वाढेल, हा समज त्याने खोटा ठरवला. मात्र नुकताच अटॅक आलेल्या रुग्णांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते आणि छातीत फार दुखणारे रुग्णही त्यात थोडेच होते. तुमच्या वडिलांना अटॅक येऊन तीन आठवडे झाले आहेत, अंघोळीला उठले तरी दुखते आहे आणि अडथळा लेफ्ट मेनमध्ये आहे. तो निकाल त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही डॉक्टरांना एवढे विचाराच: ‘स्टेंट कशासाठी घालतो आहोत? दुखणे कमी व्हावे म्हणून, पुढचा अटॅक टळावा म्हणून, की पंपिंग वाढावे म्हणून?’ पहिल्या दोन कारणांना आधार आहे; तिसऱ्यावर फार आशा ठेवू नका.

२८ टक्के या आकड्याविषयीही एक खुलासा करतो, कारण तो ऐकून घरातली माणसे हादरतात. हृदयाचे ७२ टक्के काम बंद पडले, असा त्याचा अर्थ नाही. डावा कप्पा रक्ताने भरल्यावर एका ठोक्यात त्यातले किती बाहेर फेकले जाते, त्याचे हे प्रमाण आहे. निरोगी हृदयसुद्धा १०० टक्के रिकामे होत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के फेकते. वडिलांचे हृदय निम्म्या ताकदीने चालले आहे असे समजा.

बायपासचा नकारही एकदा पारखून घ्या. मधुमेह, लेफ्ट मेन आणि कमी पंपिंग हे तिन्ही एकत्र असले की, शस्त्रक्रिया झेपण्यासारखी असेल तर, लांबच्या पल्ल्यात बायपासचे पारडे जड असते. ‘स्टिच’ या मोठ्या अभ्यासात ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या रुग्णांमध्ये दहा वर्षांअखेर मृत्यूचे प्रमाण नुसत्या औषधांवर ६६ टक्के, तर बायपासनंतर ५९ टक्के होते. वडिलांची फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे पाहता सर्जनचा नकार योग्यही असेल, पण तो व्हरांड्यात उभ्या उभ्या दिलेला नसावा. फुफ्फुसांची फुंकर तपासणी करून, सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून तो निर्णय घेतला का, ते विचारा आणि कागदावर लिहून मागा. एवढ्या गुंतागुंतीच्या रुग्णासाठी दोघांनी एकत्र बसावे, असे अमेरिकेची मार्गदर्शक तत्त्वेही ठामपणे सांगतात.

आता पंपाकडे येऊ. साध्या अँजिओप्लास्टीत तो कोणी लावत नाही. वडिलांच्या बाबतीत त्याचा विषय का निघाला, ते समजून घ्या. लेफ्ट मेन ही डाव्या बाजूच्या दोन्ही मोठ्या वाहिन्यांची मूळ वाहिनी आहे. उजवी वाहिनी बंद असल्यामुळे वडिलांचे सगळे हृदय या एकाच मुळावर जगते आहे. कॅल्शियम घासताना आणि फुगा फुगवताना तेथील प्रवाह काही सेकंद थांबतो किंवा मंदावतो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, त्या क्षणी काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. फुगा फुगतो आणि पडद्यावर रक्तदाबाच्या रेघेची शिखरे बुटकी होत जातात. १२० चा आकडा ९० वर येतो, मग ७० वर. रुग्ण जागा असतो, तो हळूच म्हणतो, ‘घाबरल्यासारखे होते आहे.’ फुगा सोडतात, सगळे पडद्याकडे बघत थांबतात, आणि धडधाकट हृदय आठ-दहा ठोक्यांत सावरते. २८ टक्क्यांचे हृदय सावरेलच असे नाही. दाब घसरला की हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत रक्त कमी जाते, रक्त कमी गेले की स्नायू आणखी मलूल होतो, त्यामुळे दाब आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे फार कठीण असते, आणि ते सुरूच होऊ नये यासाठी हा आधार आहे.

आधार दोन प्रकारचे आहेत आणि तुम्हांला बहुधा एकाचेच नाव सांगितले गेले आहे. जुना बलून पंप १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. जांघेतील धमनीतून एक लांबट फुगा छातीमागच्या महाधमनीत ठेवतात आणि यंत्र तो हेलियम वायूने हृदयाच्या तालावर फुगवते व सोडते. हृदय विसावते तेव्हा फुगा फुगतो, म्हणून त्याच्या वाहिन्यांकडे रक्त जास्त रेटले जाते. हृदय आकुंचन पावण्याच्या आधी तो मिटतो, म्हणून हृदयाला रक्त फेकणे सोपे जाते. त्यापासून मिळणारी मदत मिनिटाला सुमारे अर्धा लिटर असते. हृदयाचा स्वतःचा ताल बिघडला तर बलून पंपाचाही बिघडतो. नळी मात्र बारीक, जेमतेम अडीच मिलिमीटरची असते, आणि खर्च इम्पेलाच्या मानाने फारच कमी.

इम्पेलाची नळी जांघेतून वर चढून महाधमनीच्या झडपेतून थेट डाव्या कप्प्यात उतरते. तिच्यातला चिमुकला पंखा मिनिटाला ४६,००० पर्यंत फेरे घेतो, कप्प्यातले रक्त ओढतो आणि झडपेच्या वर महाधमनीत सोडतो. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागते. हल्ली जास्त वापरला जाणारा इम्पेला सीपी त्यांपैकी साडेतीन लिटरांच्या आसपास पुरवू शकतो. अँजिओप्लास्टीचा फुगा फुगल्यावर पडद्यावरची रेघ सपाट होत जाते, पण सरासरी दाबाचा आकडा जागेवर राहतो, आणि डॉक्टरांना घाई न करता काम करता येते. ही सोय मोठी आहे, मी ती कमी लेखत नाही. परंतु तिची किंमत रुग्णाचा पायही मोजत असतो: पंपाचे तोंड सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाड असते, आणि मधुमेह व बिडी यांनी अरुंद झालेल्या धमनीतून ते न्यावे लागते.

न्यू जर्सीच्या बंधूंना सांगा की त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेत जोखमीच्या अँजिओप्लास्टीसाठी इम्पेलाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पण मान्यता मिळणे आणि पंपाशिवाय हात न लावणे यांत पुष्कळ अंतर आहे. त्याच देशातील २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात की, निवडक जोखमीच्या रुग्णांत असा आधार आधीच लावणे ‘वाजवी ठरू शकते’. ही शिफारशीची दुबळी पायरी आहे, कारण पुरावाच दुबळा आहे. ‘प्रोटेक्ट-२’ या अभ्यासात ४५२ रुग्णांत इम्पेलाचे जुने, लहान रूप आणि बलून पंप यांची तुलना झाली. महिनाभरात मोठा अपाय झालेले इम्पेलाच्या गटात ३५ टक्के, तर बलूनच्या गटात ४० टक्के होते. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, आणि पुढे वेगळा निकाल लागण्याची आशा नाही म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. त्याआधी ब्रिटनमध्ये पंपिंग ३० टक्के वा कमी असलेल्या ३०१ रुग्णांपैकी निम्म्यांना आधीच बलून पंप लावला आणि निम्म्यांना लावला नाही. रुग्णालयात असतानाच्या मोठ्या अपायांत फरक दिसला नाही: १५ टक्के आणि १६ टक्के. पण न लावलेल्या गटात १२ टक्के रुग्णांना ऐन वेळी घाईने पंप लावावा लागला. हा शेवटचा आकडा मला मोलाचा वाटतो. बहुतेकांचे काम पंपाशिवाय निभावते, पण आठांतल्या एकाला तो तातडीने लागतो, म्हणून तो खोलीत तयार असलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

२०२४ मध्ये ‘डेंजर शॉक’ या अभ्यासात इम्पेलाने जीव वाचवल्याचे दिसले, आणि बहुधा त्याच बातम्या बंधूंच्या वाचनात आल्या असाव्यात. सहा महिन्यांतील मृत्यू ५९ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आले. हृदयाच्या बाबतीत ही फार मोठी घट आहे. पण ते रुग्ण मोठा अटॅक येऊन रक्तदाब कोसळलेले, शॉकमध्ये गेलेले होते. तुमचे वडील घरी बसून माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत. ते त्या गटातले नाहीत. शिवाय त्याच अभ्यासात पंप लावलेल्यांमध्ये रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाला आणि डायलिसिस लागण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. १.९ क्रिएटिनिनच्या माणसाने हा आकडा विसरून चालणार नाही, मग त्यांची परिस्थिती वेगळी का असेना.

म्हणून माझे मत असे आहे. एकच उरलेली वाहिनी, तीही लेफ्ट मेन, वर कॅल्शियम घासायचे आणि पंपिंग २८ टक्के, अशा वेळी आधार आधीच लावावासा वाटणारे तुमचे डॉक्टर चुकत नाहीत; त्यांच्या जागी मीही तेच बोललो असतो. पण तो आधार इम्पेलाच हवा, नाहीतर वडिलांचे बरेवाईट होईल, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पैसे हाताशी असते आणि पायाच्या धमन्या रुंद असत्या, तर मी इम्पेला निवडला असता. बागेचा तुकडा विकून तो आणावा, असे मी सांगणार नाही. थोरल्या भावाची तळमळ मला समजते, त्याला दोष देऊ नका. पण त्याला सांगा की बलून पंप लावून, हात बसलेल्या डॉक्टरांकडून काम करून घेणे म्हणजे वडिलांवर केलेली काटकसर नव्हे. आठवड्यातून असे किती लेफ्ट मेन करता, घासण्याचे यंत्र किती वेळा वापरता, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

दिवस ठरवण्यापूर्वी काही तपासण्या झाल्याच पाहिजेत. दोन्ही पायांच्या आणि पोटातल्या धमन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) किंवा सीटी करावा; मात्र सीटीत डाय, म्हणजे वाहिन्या दिसाव्यात म्हणून रक्तात सोडायचे औषध, वापरावा लागतो, म्हणून मूत्रपिंडांच्या दृष्टीने आधी डॉप्लर बरा. धमनी फार अरुंद किंवा नागमोडी निघाली तर इम्पेलाचा विषय तेथेच संपतो, आणि बागेचाही. इकोत डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हे मुद्दाम पाहायला सांगा. गुठळी असेल तर इम्पेला आत नेता येत नाही. महाधमनीची झडप मोठ्या प्रमाणात गळत असेल तर दोन्ही पंप अडचणीचे ठरतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे कारण आधी शोधावे. मूत्रपिंडांसाठी डाय कमीत कमी वापरण्याची योजना असावी. वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करण्याची जी सोय असते, तिने डायही वाचतो आणि लेफ्ट मेनमधला स्टेंट नीट बसला की नाही, हेही कळते. या सोयीसाठी जादा पैसे सांगितले तर ते द्या.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात पंपाची रक्कम वेगळी मांडायला सांगा. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, पण त्या आदेशात हे पंप नव्हते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर पॅकेजमध्ये काय बसते आणि काय बसत नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरतीपूर्वीच समजून घ्या. पंप आणून ठेवला आणि लावायची वेळच आली नाही, तर त्याचे बिल लागेल का, हा प्रश्न लोक विचारत नाहीत. तुम्ही विचारा.

वडिलांविषयी आतापर्यंत लिहिले नाही, कारण त्यासाठी स्वतंत्र जागा हवी होती. ‘मला काही करायचे नाही’ या वाक्यामागे काय आहे, हे तुम्ही तिघा भावंडांपैकी कोणी त्यांना शांतपणे विचारले आहे का? बाग जाईल म्हणून ते असे म्हणत असतील, तर बलून पंपाचे ऐकून त्यांचे मत बदलेल. टेबलावर जीव जाईल ही भीती असेल, तर डॉक्टरांनी त्यांच्याशी, तुमच्याशी नव्हे, पाच मिनिटे बोलले पाहिजे. आणि समजून उमजून, सगळे ऐकून घेतल्यावरही त्यांना औषधांवरच राहायचे असेल, तर तो अडाणीपणा नव्हे. हृदय अशक्त असलेल्यांसाठी आज चार प्रकारची चांगली औषधे आहेत, छातीतले दुखणेही बरेचसे आवरता येते. मात्र लेफ्ट मेन उघडल्याशिवाय धोका कायम राहील, हे त्यांना स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे. संमतिपत्रावर सही त्यांची असावी. आणि एक अवघड गोष्ट त्यांच्याकडूनच आधी विचारून ठेवा: प्रकृती बिघडून व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागले, तर कोठपर्यंत जायचे? त्या रात्री दारात उभ्या असलेल्या मुलांना हे ठरवता येत नाही. मी कितीतरी घरांना त्यात कोलमडताना पाहिले आहे.

काम ठरलेच, तर नंतरच्या पहिल्या रात्री तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ असाव्यात असे मला वाटते. पंप बहुधा कॅथलॅबमध्येच निघेल. हृदय डगमगत असेल तर तो काही तास, क्वचित एक-दोन दिवस राहील, आणि तेवढा वेळ तो पाय गुडघ्यात न वाकवता सरळ ठेवावा लागेल. लघवीची पिशवी बघत राहा. ती कोऱ्या चहासारखी दिसू लागली, तर पंख्यात रक्तपेशी फुटत असण्याची शक्यता असते, लगेच दाखवा. जांघेत फुगवटा, कमरेत अचानक कळ, अंगाला दरदरून घाम, हे आतल्या रक्तस्रावाचे इशारे असू शकतात. परिचारिका पावलावर जेथे नाडी लागते तेथे पेनाने फुली मारतात आणि ठरावीक वेळाने तेथेच बोट किंवा डॉप्लरची कांडी ठेवून पाहतात. ती फुली कोठे आहे, हे त्यांच्याकडून समजून घ्या.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णाच्या मुलीने रात्री दोन वाजता येऊन सांगितले होते की, बाबांचा उजवा पाय गार लागतो आहे. खोलीत थंडी आहे, पांघरूण घाला, असे तिला सांगण्यात आले. सांगणाऱ्यांत मीही होतो. सकाळी पाऊल निळसर पडले होते आणि पुढे त्या गृहस्थांची दोन बोटे काढावी लागली. म्हणून तुम्हांला सांगतो: दर तासाला दोन्ही पावलांना एकाच वेळी हात लावून पाहा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार किंवा पांढरट वाटले, किंवा बोटे बधिर झाली असे वडील म्हणाले, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पलंगापाशी बोलवा आणि त्यांनी फुलीवर नाडी ऐकून दाखवेपर्यंत तेथून हलू नका.

आपला,
सल्लागार डॉक्टर